मदत हवी आहे: आधी कुंड्या की गोधडी?

मैत्रिणींनो, भाचीला जूनमध्ये बाळ होणार. आईच्या दोन सुती लुगड्यांची गोधडी शिवायला घेतली आणि नेमका फाल्गुन आला. गच्चीवर भेंडी, दोडका, काकडी लावायची तर आत्ताच. उशीर झाला की कोवळी रोपं उन्हात माना टाकतात. सकाळचा उजेड दोन्हीला हवा. रात्री दिव्याखाली माझा धावदोरा वाकडा जातो (चष्म्याचा नंबरही वाढलाय, ते वेगळंच). शिवाय माती कालवून बोटं इतकी खरखरीत होतात की जुनं लुगडं त्यांना अडकतं. परवा पांढऱ्या पट्टीवर शेणखताचा डाग!

तुम्ही दिवस कसे वाटून घेता? आणि गोधडी महिनाभर घडी घालून ठेवली तर थर सरकू नयेत म्हणून लांब कच्चे टाके पुरतील का, की कडा आधी मशीनवर मारून घेऊ?