घरगुती क्रीममध्ये प्रिझर्व्हेटिव्ह कोणते घालावे आणि किती?

गिरगावकरीण

नमस्कार. उटणे, केसांचे तेल आणि लिप बाम या गोष्टी मी घरच्या माणसांसाठी बरीच वर्षे करत आले आहे. त्यांत पाणी नसल्यामुळे त्या टिकतील की नाही, ही चिंता कधी करावी लागली नाही. आता मात्र पाणी असलेले क्रीम करण्याचे मनात आहे. 100 ग्रॅमच्या घाण्यासाठी प्रमाण असे योजले आहे: गुलाबपाणी 50 ग्रॅम, कोरफडीचा ताजा गर 20, बदामाचे तेल 20, इमल्सिफाइंग वॅक्स (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारे मेण) 6 आणि ग्लिसरीन 4. प्रिझर्व्हेटिव्ह जेवढे घालावे लागेल तेवढे गुलाबपाणी कमी करीन.

प्रिन्सेस स्ट्रीटवरील एका दुकानदाराने माझ्यासमोर तीन वस्तू ठेवल्या. एक सोडियम बेंझोएटची पांढरी भुकटी, दुसरे फिनॉक्सीइथेनॉल आणि इथाइलहेक्सिलग्लिसरीन यांचे तयार मिश्रण, आणि तिसरी 'नॅचरल प्रिझर्व्हेटिव्ह' एवढेच लिहिलेली बाटली, जिच्यावर घटकांची यादी कोठेही नव्हती. यांतले कोणते घ्यावे? व्हिटॅमिन ई आणि टी ट्री तेलाचे काही थेंब पुरेसे आहेत, असे पुष्कळ ठिकाणी सांगितले जाते, ते खरे आहे का? हे क्रीम माझ्या आईलाही द्यायचे आहे. तिला मधुमेह आहे आणि तिच्या टाचांना भेगा पडतात. शिवाय आमच्या इमारतीतील महिला मंडळाने दिवाळीच्या प्रदर्शनात ते विक्रीस ठेवावे असे सुचवले आहे. पावसाळ्यात आमच्या घरात भिंतीसुद्धा ओल्या लागतात, म्हणून आधीच विचारून घेत आहे.

पेट्रीडिश

ताई, मी सौंदर्यप्रसाधनांच्या एका कारखान्याच्या सूक्ष्मजीव तपासणी विभागात काम केले आहे, त्यामुळे या विषयावर थोडे सविस्तर लिहितो.

प्रथम व्हिटॅमिन ईविषयी. ते तेलाला खवट होण्यापासून वाचवते, म्हणजे तेलाचा हवेतील प्राणवायूशी होणारा संयोग लांबवते. जिवाणू आणि बुरशी यांच्यावर त्याचा उपयोग नाही. टी ट्री तेलात जंतुनाशक गुण आहेत हे खरे, परंतु क्रीम सुरक्षित राहील इतक्या प्रमाणात ते घातले तर त्वचेची आग होण्याचा आणि ॲलर्जी येण्याचा धोका वाढतो, आणि थेंबांच्या हिशेबाने घातले तर ते पुरत नाही. घटक न लिहिलेली बाटली घेऊ नका. आत काय आहे हे ठाऊक नसेल तर ते किती घालावे, कोणत्या पीएचला (पीएच हा आंबटपणाचा अंक, तो जितका कमी तितका आंबटपणा जास्त) चालते आणि कोणाला सोसणार नाही, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. ग्रेपफ्रूट या लिंबाच्या जातीच्या फळाच्या बियांच्या अर्काचे उदाहरण या बाबतीत बोलके आहे. नैसर्गिक प्रिझर्व्हेटिव्ह म्हणून विकल्या जाणाऱ्या त्या अर्काच्या अनेक नमुन्यांत तपासणीअंती बेंझेथोनियम क्लोराइडसारखी कृत्रिम जंतुनाशके आढळली होती.

सोडियम बेंझोएट हा पदार्थ चांगला आहे, पण तो आंबट माध्यमातच काम करतो. कोकमाच्या किंवा लिंबाच्या सरबतात तो उपयोगी पडतो तो याच कारणाने. जंतूच्या पेशीत शिरते ते बेंझोइक आम्ल, त्याचे क्षार नव्हेत, आणि आम्लरूपात किती भाग राहील हे पीएचवर ठरते. पीएच 4.2 असताना निम्मा भाग आम्लरूपात असतो, 5 ला सुमारे 14 टक्के उरतो आणि 6 ला जेमतेम दीड टक्का. तुमचे क्रीम मुद्दाम आम्लधर्मी केले नाही, तर भुकटी घालूनही न घातल्यासारखीच होईल. पोटॅशियम सॉर्बेट या दुसऱ्या प्रिझर्व्हेटिव्हचे गणित असेच आहे, फक्त ते थोडे सोयीचे आहे: पीएच 5 ला त्याचा एक तृतीयांशाहून थोडा अधिक भाग कामाचा राहतो.

फिनॉक्सीइथेनॉलला पीएचचे असे बंधन नाही. युरोपीय नियमांनुसार त्याची कमाल मर्यादा 1 टक्का आहे आणि तुम्ही पाहिलेले तयार मिश्रण सर्वसाधारणपणे 0.5 ते 1 टक्का वापरतात. त्याची लंगडी बाजू म्हणजे बुरशी. जिवाणूंवर ते चांगले चालते, बुरशीवर तितकेसे नाही, आणि मुंबईच्या पावसाळ्यात आपल्याला भीती असते ती बुरशीचीच. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर हे मिश्रण 1 ग्रॅम, पोटॅशियम सॉर्बेट 0.2 ग्रॅम आणि डायसोडियम ईडीटीए 0.1 ग्रॅम असा मेळ घातला असता व पीएच 5 च्या आसपास ठेवला असता. ईडीटीए स्वतः प्रिझर्व्हेटिव्ह नाही. स्यूडोमोनाससारख्या चिवट जिवाणूंचे बाह्य आवरण कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांच्या आधाराने टिकते. तो आधार ईडीटीए काढून घेते आणि मग बाकीच्यांचे काम सोपे होते. ईडीटीए आणि सॉर्बेट पाण्याच्या भागात विरघळवा आणि फिनॉक्सीइथेनॉलचे मिश्रण क्रीम 45 अंशांच्या खाली आल्यावर घालून नीट घोटा. सगळे वजनानेच मोजा, त्यासाठी 0.01 ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा काटा लागेल. थेंब मोजून प्रिझर्व्हेटिव्ह घालू नये, कारण थेंबाचा आकार ड्रॉपरप्रमाणे आणि द्रवाच्या दाटपणाप्रमाणे बदलतो.

मला खरी काळजी वाटते ती ताज्या गराची. त्यात साखरेच्या जातीचे पदार्थ, पाणी आणि पानावरचे जंतू हे सगळे एकत्र येते. कितीही चांगले प्रिझर्व्हेटिव्ह असले तरी सुरुवातीलाच जंतूंचा एवढा भार पडला तर ते अपुरे ठरते. त्याऐवजी कोरफडीची 200 पट संहत भुकटी 0.1 ग्रॅम आणि डिस्टिल्ड पाणी 19.9 ग्रॅम घ्या. गराचे प्रमाण तेच राहील. बाटलीतल्या गुलाबपाण्यात प्रिझर्व्हेटिव्ह असते, ते क्रीमलाही पुरेल असेही समजू नका. ते त्या बाटलीपुरतेच बेतलेले असते.

जास्वंद

माझे मत थोडे वेगळे आहे. रसायने टाळण्यासाठीच तर आपण घरी करतो. मी लहान डबीभर क्रीम करते, फ्रिजमध्ये ठेवते आणि आठवड्याच्या आत संपवते. वास बदलला किंवा झाकणाखाली ठिपका दिसला की टाकून देते. पॅराबेन या गटातील प्रिझर्व्हेटिव्हविषयी इतके वाचल्यावर पुन्हा दुसरे रसायन कशाला घ्यायचे, असा मला प्रश्न पडतो.

पेट्रीडिश

थोडे करून लवकर संपवणे हा प्रामाणिक मार्ग आहे आणि प्रिझर्व्हेटिव्ह नकोच असेल तर दुसरा मार्ग नाही. माझा आक्षेप फक्त डोळ्यांवर आणि नाकावर ठेवलेल्या भरवशाला आहे. आमच्याकडे आलेला एक नमुना मला अजून आठवतो: पांढरेशुभ्र क्रीम, गुलाबाचा मंद वास, पाणी सुटलेले नाही, ठिपका नाही. त्याचा अंश अगारच्या (जंतू वाढवण्यासाठीच्या जेलीच्या) थाळीवर पसरून ती उबवणी यंत्रात ठेवली, तर दुसऱ्या दिवशी सगळी थाळी वसाहतींनी भरलेली होती आणि भोवतीच्या अगारला हिरवट झाक आली होती. तो स्यूडोमोनास होता. बुरशी डोळ्यांना दिसते, जिवाणू लक्षावधींनी वाढले तरी अनेकदा दिसत नाहीत. फ्रिजमुळे त्यांची वाढ मंदावते, पण थंडीतही वाढणारे जिवाणू असतात. म्हणून आठवडा ही शेवटची मर्यादा धरा, आणि ते क्रीम डोळ्यांजवळ लावू नका.

पॅराबेनबद्दल एवढेच सांगतो की सगळी एका मापाने मोजता येत नाहीत. युरोपीय संघाने 2014 मध्ये आयसोप्रोपिल, आयसोब्यूटिल, फेनिल, बेंझिल आणि पेंटिल या पाच प्रकारांवर बंदी घातली. मिथाइल आणि इथाइल पॅराबेन मर्यादेत वापरण्यास मात्र परवानगी कायम आहे. उलट, पॅराबेनला पर्याय म्हणून पुढे आलेल्या मिथाइलआयसोथायाझोलिनोनमुळे ॲलर्जीचे इतके रुग्ण आढळले की अंगावर राहणाऱ्या प्रसाधनांत ते युरोपात 2017 पासून वापरता येत नाही. नाव ओळखीचे नाही म्हणून पदार्थ वाईट आणि वनस्पतीचा म्हणून चांगला, असा निवाडा करणे मला योग्य वाटत नाही.

औषधविक्रेता_मुलुंड

गिरगावकरीण ताई, मला आपल्या आईंविषयी लिहिणे अधिक गरजेचे वाटते. मधुमेहात पायांची संवेदना कमी झालेली असू शकते, जखम भरण्यास वेळ लागतो आणि टाचेची भेग ही जंतूंसाठी उघडी वाट असते. तेथे घरी केलेले, तपासणी न झालेले पाण्याचे क्रीम लावू नये, मग त्यात कोणतेही प्रिझर्व्हेटिव्ह असो. भेगा खोल असतील, त्यांतून रक्त किंवा पाणी येत असेल तर डॉक्टरांना पाय दाखवावा. एरवी पाणी नसलेला मलम पुरेसा आहे. साधी पेट्रोलियम जेली चालेल. आपल्याला घरचेच काही द्यायचे असेल तर कोकणात टाचांना पूर्वापार लावले जाणारे कोकमाचे तेल घ्या, थोडे बदामाचे तेल आणि मधमाशांचे मेण घालून वितळवा आणि कोरड्या डबीत ओता. त्यात पाणीच नसल्यामुळे प्रिझर्व्हेटिव्हची गरज नाही. आपण विचारलेले व्हिटॅमिन ई मात्र येथे खरोखर उपयोगी पडेल. ओली बोटे डबीत घालू नयेत आणि डबी न्हाणीघरात ठेवू नये, एवढे सांभाळावे.

प्रदर्शनाबाबत: विक्रीसाठी सौंदर्यप्रसाधन तयार करायचे तर औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, 1940 आणि त्याखालील सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 यांनुसार परवाना लागतो. महाराष्ट्रात ते काम अन्न व औषध प्रशासनाकडे आहे, त्याचे मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. स्वयंपाकघरात केलेले क्रीम मंडळाच्या टेबलावर मांडून विकता येणार नाही. परवाना असलेल्या कारखान्याकडून करून घेतले तरच तो विचार करावा.

गिरगावकरीण

सर्वांचे मनापासून आभार. आईसाठी कोकमाच्या तेलाचाच मलम करीन, आणि विक्रीचा विषय मंडळात सध्या थांबवते. स्वतःसाठी आणि बहिणीसाठी क्रीम मात्र करणार आहे. आणखी दोन गोष्टी विचारते: घट्ट क्रीमचा पीएच घरी कसा मोजावा, आणि बाटल्या उकळून घेतल्या तर पुरे होईल का?

पेट्रीडिश

क्रीम 1 ग्रॅम आणि डिस्टिल्ड पाणी 9 ग्रॅम एकत्र ढवळा आणि त्यात पट्टी बुडवा. 1 ते 14 दाखवणाऱ्या स्वस्त पट्ट्यांवर 5 आणि 6 यांतला फरक नीट ओळखता येत नाही, म्हणून अरुंद टप्प्याच्या, म्हणजे 4 ते 7 या भागातील अर्धा-अर्धा अंक दाखवणाऱ्या पट्ट्या घ्या. पीएच जास्त आला तर सायट्रिक आम्लाचे पातळ द्रावण थोडे थोडे घालून ढवळा आणि पुन्हा मोजा. दुसऱ्या आठवड्यात एकदा परत मोजा, कारण काही क्रीमचा पीएच ठेवल्यावर सरकतो आणि सॉर्बेट निकामी होऊ लागते.

काचेच्या बाटल्या उकळून पूर्ण कोरड्या करा. आत राहिलेला पाण्याचा थेंब क्रीमवर पातळ थर धरतो, त्या थरात प्रिझर्व्हेटिव्ह विरळ असते आणि बुरशी तेथूनच सुरू होते. प्लॅस्टिकच्या बाटल्या, कालथा आणि ओटा 70 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. 99 टक्क्यांचे घेऊ नका, ते लवकर उडून जाते आणि पाण्याशिवाय जंतूंच्या प्रथिनांवर त्याचा परिणाम कमी होतो. क्रीम पूर्ण गार होण्याआधी झाकण लावू नका, नाहीतर वाफेचे थेंब झाकणाच्या आतून परत क्रीमवर पडतील. तोवर स्वच्छ कपडा झाकून ठेवा. रुंद तोंडाच्या डबीपेक्षा पंपाची बाटली घेतलीत तर बोटे आत जाण्याचा प्रश्नच राहत नाही. बाटलीवर तारीख लिहा, तीन महिन्यांत संपेल एवढेच करा, आणि बहिणीला देण्याआधी तिला कोपराच्या आतल्या बाजूस थोडेसे लावून दोन दिवस पाहायला सांगा.