व्हर्जिनिया-ऑबर्न २०१९ : डबल ड्रिबलची शिट्टी राहिली, मग पुढचा फाउल द्यायला हवा होता का?

हंट्सव्हिलकर

नमस्कार मंडळी. मी अलाबामात हंट्सव्हिलला राहतो. आमच्या ऑफिसात ऑबर्न विद्यापीठातून शिकलेले इंजिनिअर पुष्कळ. मार्च उजाडला, कॉलेज बास्केटबॉलची स्पर्धा सुरू झाली, की जेवणाच्या टेबलावर ६ एप्रिल २०१९ची रात्र निघतेच. मी मूळचा क्रिकेटवाला. बास्केटबॉल मुलामुळे बघायला लागलो, त्यामुळे नियमांत कच्चा आहे. इथे कुणी खेळलेलं किंवा पंचगिरी केलेलं असेल तर नीट सांगा.

ज्यांनी सामना पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. मिनिॲपोलिस, यू.एस. बँक स्टेडियम, फायनल फोरची (शेवटच्या चार संघांची) सेमीफायनल. ऑबर्न पहिल्यांदाच इथवर आलेलं, तेही कॅन्सस, नॉर्थ कॅरोलायना आणि केंटकी या तिघांना हरवून. त्यात त्यांचा चुमा ओकेके गुडघा फाटून बाहेर बसलेला. व्हर्जिनिया १० गुणांनी पुढे होतं, मग ऑबर्नने सलग १४ गुण मारले. ६१-५७. शेवटचे साडेसात-एक सेकंद उरले असताना व्हर्जिनियाच्या काइल गायने तीनचा बास्केट मारला, ६१-६०. ऑबर्नच्या जॅरेड हार्परने दोनपैकी एक फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारा मोकळा शॉट) टाकला, ६२-६०.

आता वादाचा भाग. व्हर्जिनियाचा टाय जेरोम बॉलला टप्पे देत, म्हणजे ड्रिबल करत, पुढे निघाला. बॉल त्याच्याच पायाला लागून सुटला, त्याने तो दोन्ही हातांनी उचलला आणि पुन्हा ड्रिबल सुरू केलं. शिट्टी नाही. मग ऑबर्नच्या ब्राइस ब्राउनने त्याला फाउल केला, घड्याळात १.५ सेकंद. साइडलाइनवरून बॉल गायकडे आला, त्याने कोपऱ्यातून तीनचा शॉट घेतला, तो गेला नाही. ऑबर्नची पोरं नाचायला लागली, आणि शिट्टी वाजलेली! ऑबर्नच्या समीर डाउटीचा फाउल, ०.६ सेकंद शिल्लक. गायने तिन्ही फ्री थ्रो टाकले. ६३-६२.

माझ्या मुलाने (वय १२) क्लिप बघून पहिलंच विचारलं, "बाबा, हे तर डबल ना?" मला उत्तर देता आलं नाही. तर :

ते नियमाने डबल ड्रिबल (एकदा थांबवलेलं ड्रिबल पुन्हा सुरू करणं) होतं का? असेल तर व्हिडिओ बघून का नाही दिलं? आणि माझे ऑबर्नवाले मित्र म्हणतात की एवढी मोठी चूक झाल्यावर पंचांनी शेवटच्या क्षणी तरी शिट्टी गिळायला हवी होती, खेळाडूंना ठरवू द्यायचं होतं. मला ते पटतं. तुम्हाला?

निळा_नारिंगी

मी व्हर्जिनियाचा, शार्लट्सव्हिलमध्ये मास्टर्स केलंय. एकच सांगतो. ती क्लिप दोन सेकंद आधीपासून बघा. बॉल सुटायच्या आधी ब्राउनने जेरोमची जर्सी धरलेली दिसते. ऑबर्नला फाउल करायचाच होता, त्यांच्याकडे द्यायला फाउल शिल्लक होते, म्हणजे फ्री थ्रो मिळणार नव्हते, नुसता साइडने बॉल. तो फाउल तेव्हाच दिला असता तर डबलचा प्रश्नच आला नसता, आणि आम्हाला १.५ ऐवजी जास्त सेकंद मिळाले असते. ऑबर्नवाले ही दोन सेकंदं कधीच दाखवत नाहीत.

आणि आदल्या वर्षी, मार्च २०१८ला, आम्ही पहिल्या मानांकनाचे असून १६व्या मानांकनाच्या यूएमबीसीकडून ७४-५४ने हरलो होतो. पुरुषांच्या स्पर्धेत तसं आधी कधीच झालं नव्हतं. त्या पोरांनी वर्षभर ते ऐकलं. दोन दिवसांनी टेक्सस टेकला ओव्हरटाइममध्ये ८५-७७ने हरवून त्यांनी विजेतेपद घेतलं. ते 'चोरलेलं' म्हणू नका, एवढीच विनंती.

सांगलीची_पंच

मी शाळेत खेळ शिकवायचे. जिल्हा आणि विभागीय स्पर्धांत बावीस वर्षं बास्केटबॉलला पंच म्हणून उभी राहिले. अमेरिकन कॉलेजचे नियम आपल्यापेक्षा काही ठिकाणी वेगळे आहेत, पण ड्रिबलचा गाभा तोच. म्हणून लिहिते, जरा लांबेल.

तुमच्या मुलाचं बरोबर आहे. ते डबलच होतं.

लोक इथे पायात अडकतात. बॉल पायाला लागला म्हणून डबल होत नाही. चुकून पायाला लागणं हा गुन्हाच नाही, मुद्दाम लाथ मारली तर गोष्ट वेगळी. ड्रिबल करता करता बॉल सुटला, घरंगळला, तर ड्रिबल अजून संपलेलं नसतं. जेरोमने धावत जाऊन तो एका हाताने तसाच टप्पा देत पुढे नेला असता तर सगळं कायदेशीर होतं. त्याने दोन्ही हातांत धरला. दोन्ही तळवे बॉलला लागले त्या क्षणी ड्रिबल संपलं. त्यानंतर पास द्या नाहीतर शॉट मारा, पुन्हा टप्पा नाही. अपवाद असा, की मधे प्रतिस्पर्ध्याने बॉलला हात मारून तो सोडवला असेल तर पुन्हा ड्रिबल करता येतं. मी क्लिप हळू करून पुन्हा पुन्हा पाहिली. ब्राउनचा हात बॉलला लागलेला मला कुठेही दिसला नाही.

मग शिट्टी का नाही वाजली? हे मी माझ्या अनुभवाने सांगते, त्या पंचांच्या मनात काय होतं ते त्यांनाच ठाऊक. शेवटची काही सेकंदं, पुढे असलेल्या संघाकडे फाउल शिल्लक, म्हणजे आता फाउल होणार हे मैदानातल्या प्रत्येकाला माहीत असतं. पंच त्याचीच वाट बघत असतो. नजर बचाव करणाऱ्याच्या हातावर जाते, बॉलवरून सरकते. त्यात बॉल एकदम सुटला. मागून येणाऱ्या पंचाला पाठमोरा खेळाडू आणि त्याला चिकटलेला दुसरा एवढंच दिसतं. बॉल पायाला लागून सुटला की हात लागून, हे त्या कोनातून कळलं नाही, तर आम्हाला पहिल्या दिवसापासून एकच शिकवलेलं असतं : दिसलं तर वाजवा, वाटलं म्हणून वाजवू नका. मला वाटतं तिथे तेच झालं असावं. चूक आहेच. सत्तर हजार लोकांसमोर झालेली चूक आहे. पण ती बेइमानी नाही.

निळा_नारिंगी, तुमचा जर्सीचा मुद्दा खरा आहे आणि तो डबल पुसत नाही. जर्सी धरलेली मलाही दिसते. तो फाउल द्यायला हरकत नव्हती. पण न दिलेला फाउल हा काही पुढच्या दोन सेकंदांचा परवाना नसतो. फाउल दिला नाही, म्हणजे खेळ चालू आहे, आणि चालू खेळात दोन हातांनी धरून पुन्हा ड्रिबल केलं. दोन शिट्ट्या राहिल्या, एवढंच म्हणता येईल.

व्हिडिओचं : तेव्हाचा नियम परवानगी देत नव्हता. शेवटच्या दोन मिनिटांत बॉल शेवटी कुणाला लागून बाहेर गेला हे बघता यायचं, घड्याळ बघता यायचं, शॉट दोनचा की तीनचा हे बघता यायचं, मुद्दाम केलेला घातक फाउल बघता यायचा. डबल किंवा स्टेप्स (बॉल धरून जास्त पावलं टाकणं) नाही. पंचांना नंतर मनातून कळलं असतं तरी मागे जाता आलं नसतं.

आता तुमचा तिसरा प्रश्न. त्यासाठीच खरं तर लिहायला बसले.

डाउटीचा फाउल हा फाउल होता. गाय हवेत होता. हवेतल्या शूटरला उतरायला जागा द्यावीच लागते. डाउटी सरळ वर उडाला असता तर ती जागा त्याची होती, पण तो पुढे सरकत गायच्या खाली आला. एनसीएएच्या (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) पंचांचे तेव्हाचे प्रमुख जे. डी. कॉलिन्स यांनीही त्याच रात्री हाच निर्वाळा दिला : बचाव करणारा हवेतल्या शूटरच्या अंगावर गेला आणि त्याची उतरायची जागा घेतली. सामन्याच्या दहाव्या मिनिटाला हा फाउल कुणीही दिला असता आणि कुणी वादही घातला नसता.

तुमचे मित्र म्हणतात, शिट्टी गिळायची. मी एकदा गिळली आहे.

जिल्ह्याची शालेय मुलींची फायनल, सिमेंटचं मैदान, आम्ही दोनच पंच. शेवटचं मिनिट. एका संघाच्या मुलीने रिंगखाली सरळ स्टेप्स घेतल्या आणि बास्केट टाकला. मी दुसऱ्या बाजूला बघत होते. प्रेक्षकांतून ओरडा झाला तेव्हा मला कळलं की माझ्याकडून राहिलं. बास्केट धरला गेला होता. पुढे त्याच संघाची दुसरी एक मुलगी शॉटला उठली आणि तिच्या मनगटावर फाडकन हात बसला. आवाज मी ऐकला. शिट्टी तोंडात होती. वाजवली नाही. मनात एकच, की मघाशी यांना फुकट दोन गुण गेले, आता फिटलं. त्या मुली एका गुणाने हरल्या.

ती मुलगी मनगट धरून माझ्याकडे बघत राहिली. काही बोलली नाही. शाळेतल्या मुली पंचांना बोलत नाहीत. दुसऱ्या पंचांनी, ते माझ्याहून खूप ज्येष्ठ, सामना संपल्यावर पाण्याची बाटली देताना विचारलं, "तो फाउल दिसला ना तुम्हाला?" मी हो म्हटलं आणि कारणही सांगितलं. ते म्हणाले, "स्टेप्स दुसरीने घेतल्या. ही मुलगी कुणाची उधारी फेडत होती?"

याला माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, आजही नाही.

काइल गायने डबल ड्रिबल केलं नव्हतं. त्याच्या पायाखाली कुणीतरी आलं होतं. पंचांना डबल दिसलं असतं तर बॉल ऑबर्नला गेला असता आणि बहुतेक तेच फायनल खेळले असते, हे मी शंभर वेळा मान्य करते. पण नाही दिसलं. त्यानंतर ०.६ सेकंद उरलेले असताना, हरणाऱ्या संघाच्या बाजूने, हजारो लोक नाचायला लागलेले असताना ती शिट्टी वाजवायला जे लागतं ते माझ्याकडे त्या दिवशी सांगलीत शंभर-दीडशे माणसांसमोर नव्हतं. त्या पंचाबद्दल मला आदर आहे. त्याच सामन्यातल्या चुकीसकट.

हंट्सव्हिलकर

मॅडम, खूप आभार. दोनदा वाचलं. पण एक टोचतंय. दोन्ही वेळा फायदा एकाच संघाला झाला. न वाजलेली शिट्टी त्यांच्या बाजूने, वाजलेली पण त्यांच्या बाजूने. ऑबर्नच्या पोरांनी हे गिळायचं कसं? २०२५ला ते पुन्हा फायनल फोरला गेले आणि फ्लोरिडाकडून हरले, तरी माझे मित्र २०१९च काढतात.

पुणेरी_पॉइंट_गार्ड

मॅडमना अनुमोदन. फक्त व्हिडिओबाबत माझं वेगळं मत आहे. शेवटच्या मिनिटात डबलसाठीही प्रत्येक संघाला एक अपील द्या, टाइमआउट पणाला लावून. क्रिकेटमध्ये अपील चालतं तर डबलला का नाही? ऑबर्नचा तेव्हाचा कोच ब्रूस पर्लकडे टाइमआउट होता ना, तो त्याने गायच्या तिसऱ्या फ्री थ्रोच्या आधी त्याला दडपणात टाकायला वापरला. त्याऐवजी डबलवर वापरता आला असता तर?

सांगलीची_पंच

अपीलची कल्पना मला आवडते. पण डबलसाठी खेळ थांबवायचा कधी? जेरोम ड्रिबल करत पुढे गेला, खेळ चालूच होता. ब्राउनच्या फाउलला पहिल्यांदा बॉल मेला, तिथे पर्ल यांना मागता आलं असतं. आणि मग व्हर्जिनियाने जर्सीसाठी अपील मागितलं असतं. दोन्ही खरी. मग काय करणार, ज्याची चूक आधी ती धरायची? मला वाटतं तसंच करावं लागेल, आणि मग बॉल पुन्हा व्हर्जिनियाकडेच गेला असता. यावर विचार करून सांगा, मलाही ऐकायचंय.

हंट्सव्हिलकर, गिळायचं कसं ते मला सांगता येणार नाही. पर्ल यांनी सामन्यानंतर पंचांवर खापर फोडलं नाही. हा सामना त्याच्या शेवटावरून ओळखू नका, असंच त्यांचं म्हणणं होतं. एका गुणाने, तेही असं हरलेल्या कोचकडून ते आलं, म्हणून मला ते मोठं वाटतं. खेळाडूंकडून मात्र मी तेवढी अपेक्षा करणार नाही. वीस-एकवीस वर्षांची पोरं होती.

मुलाला क्लिप दाखवाल तेव्हा आवाज बंद करून दाखवा. जेरोमच्या वेळी पाय बघू नको, तळवे बघ म्हणावं. डाउटीच्या वेळी हात बघू नको, पाय बघ.

हंट्सव्हिलकर

दाखवली. डाउटीच्या वेळी तो लगेच "फाउल" म्हणाला, आणि मग बराच वेळ गप्प बसला. तो ऑबर्नची टोपी घालतो.

उद्या जेवताना टेबलावर हे सांगणार आहे. आमच्यातला एकजण त्या रात्री त्या स्टेडियममध्ये होता, तो आजही त्या शेवटाबद्दल बोलताना ताट बाजूला सारतो. त्याच्या तोंडावर 'फाउल होता' म्हणणं मला जड जाणार आहे.

सांगलीची_पंच

सांगा. पण आधी डबलचं सांगा, जर्सी वगैरे काही न जोडता. तो भाग त्याचा खरा आहे आणि त्याला तो कुणीतरी नुसता मान्य करून हवा असेल. फाउलचं दुसऱ्या दिवशी सांगितलंत तरी चालेल.