शब्द आधी की तार आधी? हळुवार गिटारच्या अल्बमांवरून एक वाद

हळदबाजार

परवा इथल्या एका पोराला मी फोक रॉक (लोकगीतं आणि रॉक यांचं मिश्रण) आणि जँगल पॉपचे (किणकिणत्या गिटारच्या पॉपचे) काही अल्बम सुचवले. त्यावर एका जाणत्या सदस्यांनी त्याला सल्ला दिला की आधी गाण्यांचे शब्द काढून वाच, अर्थ लागला तरच पुढे जा, नाहीतर वेळ फुकट. मला हे साफ नामंजूर आहे, म्हणून वेगळा धागा काढतोय.

माझं म्हणणं एवढंच की ही गाणी आपल्याला तारेच्या वाटेनं लवकर सापडतात. मीरासाहेबांच्या उरुसात संगीत सभेला बसलेल्या माणसाला तंबोरा जुळत असताना गायकानं तोंड उघडायच्या आधीच अर्धं सुख मिळालेलं असतं. तोच कान इथं लावा.

बर्ड्स या अमेरिकन बँडचा १९६५ चा 'मिस्टर टॅम्बुरीन मॅन' घ्या. बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनच्या हातातली बारा तारांची रिकेनबॅकर सिनेमात पाहून बर्ड्सच्या रॉजर मॅग्विननं तसलीच गिटार मिळवली. मूळ गाणं बॉब डिलनचं, चार कडव्यांचं. बर्ड्सनी त्यातलं एकच कडवं ठेवलं आणि सुरुवातीला ती गिटार किणकिणवली. अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. तीन कडवी गेल्याचं दुःख कुणाला झालं?

दुसरा, आर. ई. एम. या अमेरिकन बँडचा १९८३ चा 'मर्मर'. त्यांचा गायक मायकल स्टाइप शब्द असे तोंडातल्या तोंडात चघळतो की अमेरिकेतल्या लोकांनाही ते लागेनात, आणि पाकिटावर ते छापलेलेही नव्हते. तरी रोलिंग स्टोन मासिकानं त्याला वर्षाचा सर्वोत्तम अल्बम ठरवलं. म्हणजे तिथला श्रोता आणि सांगलीतला श्रोता, दोघंही एकाच अंधारात बसलेले. शब्दांची सक्ती मग आपल्यालाच का?

विश्रामबाग_लोकल

ते 'जाणते सदस्य' म्हणजे मी. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं.

तुम्ही सोयीची उदाहरणं उचललीत. फोक रॉक म्हणता आणि फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्लिश बँडचं नावसुद्धा नाही! १९६९ च्या मे महिन्यात त्यांच्या गाडीला अपघात झाला, त्यात त्यांचा ड्रमवाला मार्टिन लँबल गेला. त्यातून उठून त्याच वर्षाच्या शेवटी त्यांनी 'लीज अँड लीफ' काढला, जुन्या इंग्लिश-स्कॉटिश कथागीतांवर उभा केलेला. त्यातलं 'मॅटी ग्रोव्ह्ज' ऐका. सरदाराची बायको एका तरुण पोराला घरी नेते, नोकर धावत जाऊन धन्याला खबर देतो, धनी येऊन दोघांना पलंगावरच गाठतो, पोराच्या हातात तलवार देऊन त्याला मारतो आणि मग बायकोला विचारतो, आता कोण आवडतो? ती मेलेल्याचं नाव घेते. त्यांची गायिका सँडी डेनी हे सगळं गाताना आवाज जराही चढवत नाही. कुणाचा जीव जातोय हेच ज्याला कळलं नाही, त्याला तो न चढलेला आवाज काय कळणार? पोवाडा तुम्ही डफासाठी ऐकता का?

आणि 'मर्मर'बद्दल बोलायचं तर त्यातलं सगळ्यांत हळवं गाणं 'परफेक्ट सर्कल'. ते पियानोवर उभं आहे, तुमच्या तारेवर नाही.

मिरजेची_घोडी

मी वाद्य बनवणाऱ्यांच्या गल्लीतला. तंबोऱ्याचं नाव निघालं म्हणून लिहितो, नाहीतर इंग्रजी गाण्यांत मला गती नाही.

हळदबाजार, तुमची तुलना कानाला गोड आहे, पण कामात बसत नाही. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तो घुमत राहणारा झंकार, ही घोडीची, म्हणजे तारा ज्या पट्टीवर टेकतात तिची, करामत. घोडीचा माथा रुंद असतो, त्याला कानशीनं अगदी बारीक उतार देतात. तार त्या उतारावर घासटून निघते, म्हणून एका सुरातून वरचे सूर फुटत राहतात. मग खाली दोरा सरकवून नेमकी जागा पकडायची. केसभर इकडेतिकडे झालं की आवाज एकतर मुका, नाहीतर पत्र्यासारखा. गिटारच्या घोडीवरून तार धारेवरून निघते, तिथं घासटायला जागाच नसते. बारा तारांच्या गिटारीत तारांच्या सहा जोड्या असतात. खालच्या चार जोड्यांत एक तार दुसरीच्या वरच्या सप्तकात, वरच्या दोन जोड्या एकाच सुरात. दोन तारा कधीच तंतोतंत जुळत नाहीत, त्या फरकाची थरथर तुम्हाला ऐकू येते. दुकानात एक पोरगा तसली गिटार घेऊन आला होता, म्हणाला काका हिला जवारी काढून द्या. मी म्हटलं बाळ, ही घोडी काढून फेकलीस तरी निघायची नाही.

हळदबाजार

काका, कारण वेगळं आहे हे मान्यच. पण मी परिणामाबद्दल बोलत होतो. मॅग्विनच्या गिटारीत तुम्ही सांगितलेल्या थरथरीवर आणखी एक संस्कार होता, कंप्रेसर नावाच्या यंत्राचा. मोठा आवाज तो दाबतो आणि विरत जाणारा वर उचलतो, त्यामुळं छेडलेली तार विझायचं नाव घेत नाही. एक सूर पुढच्या सुरात मिसळून राहतो. तंबोऱ्याचं काम यापेक्षा वेगळं काय असतं?

आणि हा संबंध मी ओढूनताणून जोडत नाही. हेच बर्ड्स १९६६ च्या 'एट माइल्स हाय'च्या आधी दौऱ्यावर रविशंकर आणि जाझ सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेन यांच्या टेप लावून बसायचे. म्हणजे सतारीचा कान त्यांच्याकडं आधीच पोचला होता.

मिरजेची_घोडी

पोचला असेल. पण रविशंकरांची सतार मिरजेची नव्हती, कलकत्त्याच्या नोदू मल्लिकांनी बनवलेली होती. उगाच आमच्या अंगावर घालू नका. 😀

ट्रॅक्टरचा_डेक

लई शिकल्याली माणसं दिसताय. आमच्या रस्त्याला गळीत हंगाम सुरू झाला की रात्री दोन वाजता उसाच्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर जातोय. मागच्याला झोप येऊ नये म्हणून पुढच्यानं डेक फुल सोडल्याला असतो. पत्रे वाजत्यात. त्यात तुमचं हळुवार किणकिण कुणी ऐकायचं? ज्याच्या खिडक्या घट्ट बंद होतात त्याची ही गाणी. निक ड्रेक का कोण तो इंग्लिश गायक, घरचा खाऊनपिऊन सुखी, केंब्रिजला शिकलेला. उदास व्हायला बी सवड लागती की ओ.

विश्रामबाग_लोकल

निक ड्रेकच्या वाट्याला तरी जाऊ नका. तिन्ही अल्बम मिळून त्याच्या हयातीत फारसे कुणी विकत घेतले नाहीत. १९७४ मध्ये गेला तेव्हा सव्वीस वर्षांचा होता. 'पिंक मून' हा शेवटचा, १९७२ चा. दोन रात्रींत ध्वनिमुद्रित झाला. गिटार आणि आवाज, एवढंच. पहिल्या गाण्यात पियानोची एक ओळ येते तेवढीच. सगळा मिळून अर्ध्या तासाच्या आत संपतो. घर बंद असो की उघडं, तो माणूस तुमच्या शेजारी बसून बोलतो. फक्त तो काय बोलतोय ते समजून घ्यायची तसदी घ्यायला हवी. माझा मुद्दा पुन्हा तोच.

हळदबाजार

डेकराव, सगळ्यांना एकाच मापानं मोजू नका. न्यूझीलंडमधलं डनेडिन हे आपल्या सांगली-मिरज-कुपवाडपेक्षा कितीतरी लहान गाव. तिथल्या चार बँडनी १९८२ मध्ये 'डनेडिन डबल' काढला, तो साध्या चार ट्रॅकच्या यंत्रावर मुद्रित झाला. ना मोठा स्टुडिओ, ना कंपनीचा पैसा. द क्लीन आणि द चिल्स ही त्याच गावची मंडळी, गिटार तशीच किणकिणती. राजधानीपासून लांब, पावसाळी गावातल्या पोरांनी आपल्या आपण उभं केलेलं काम आहे ते. बंद खिडक्यांचा प्रश्नच येत नाही.

आणि ग्लासगोच्या बेल अँड सबॅस्टियनचा पहिला अल्बम 'टायगरमिल्क', १९९६ चा, हा कॉलेजच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून निघाला होता. फक्त एक हजार प्रती.

ट्रॅक्टरचा_डेक

मग ते आमच्यातलंच म्हणायचं. ऐकतो. पण इअरफोनवर, डेकवर न्हाई.

कृष्णाकाठची

उसावरून विषय निघालाच आहे तर माझंही ऐका. 'हळुवार' म्हटलं की लोक इंग्लंडच्या धुक्यात जातात. मला ऑस्ट्रेलियाचे द गो-बिटवीन्स जवळचे वाटतात. ब्रिस्बेनचे. १९८३ च्या 'बिफोर हॉलिवूड' अल्बममध्ये ग्रँट मॅक्लेननचं 'कॅटल अँड केन' नावाचं गाणं आहे. क्वीन्सलंडमधल्या लहानपणाचं. शाळकरी पोरगा आगगाडीनं घरी चाललाय, बाहेर गुरं आणि ऊस. हे गाणं त्यानं लंडनमध्ये बसून लिहिलं, ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हच्या गिटारवर. त्याचे वडील लहानपणीच गेलेले.

हळदबाजारदादा, तुमच्या म्हणण्याप्रमाणं नुसती तार ऐकली असती तर मला एक छान, थोडं अडखळतं गाणं मिळालं असतं. शब्द कळले म्हणून मला किर्लोस्करवाडी स्टेशन सोडल्यावर खिडकीतून दिसणारा ऊस मिळाला. उसाच्या गावात राहून हे गाणं शब्दांविना ऐकायचं म्हणजे आपणच आपलं नुकसान करून घ्यायचं.

आणि विश्रामबागकाका, तुमचंही सगळं पटत नाही. अर्थ लागल्याशिवाय पुढे जाऊ नकोस असं सांगितलंत तर ते पोरगं पहिल्याच गाण्यावर शब्दकोश मिटून झोपेल. मी आधी याच बँडचा '१६ लव्हर्स लेन' ऐकला, १९८८ चा. तो जास्त मुलायम आहे, अमांडा ब्राऊनचं व्हायोलिन आणि ओबो आहे. तिथून मागे आले. शब्द नंतर आले, पण आले.

हळदबाजार

ताई, 'नंतर आले' हे तुम्हीच म्हणालात. माझा धागा त्यावरच आहे.

कृष्णाकाठची

तुमच्या धाग्यात 'नंतर' कुठंच नव्हतं. तीन कडवी गेल्याचं दुःख कुणाला झालं, असं तुम्ही विचारलं होतंत.

विश्रामबाग_लोकल

मला झालं. आजही होतं. डिलनचं मूळ ऐकून मग बर्ड्स ऐकले की तीन दिवे विझवून चौथ्याभोवती रोषणाई केल्यासारखं वाटतं. गिटार सुंदर आहे हे मी कधी नाकारलं? पण मूळ माणूस रात्रभर जागा आहे, रिकाम्या रस्त्यावर पाय जड झालेत, हे सगळं उडून गेलं आणि उरली ती प्रसन्न सकाळ. रेडिओसाठी आखूड केलेल्या गाण्याला तुम्ही तत्त्वज्ञान चिकटवताय.

ज्याला दोन्ही एकत्र हवंय त्यानं इंग्लिश गायिका व्हॅश्टी बनियनचा 'जस्ट अनदर डायमंड डे' ऐकावा, १९७० चा. घोडागाडीनं स्कॉटलंडच्या बेटांकडं जाताना सुचलेली गाणी. तेव्हा खपला नाही, ती गाणं सोडून संसाराला लागली, २००० मध्ये तो पुन्हा निघाला आणि २००५ मध्ये तिचा दुसरा आला. शब्द साधे, पाचवीच्या पोराला कळतील असे. त्यामुळं त्या मूळ पोरालाही हाच देतो.

मिरजेची_घोडी

दुकानात ताईंचं ते उसाचं गाणं लावलं. शेजारी आमचा तबलजी बसला होता. त्याला शब्द कळले नाहीत, तारेकडं त्यानं ढुंकून पाहिलं नाही. मांडीवर बोटं आपटत बसला. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा पुन्हा पहिल्यापासून लावायला लावलं, आणि मग म्हणाला, हे अकरात आहे. पाच, दोन, चार. त्याला रुद्र ताल आठवला. ताई 'अडखळतं' म्हणाल्या ना, ते अडखळणं हे आहे. तुम्ही दोघं तार आणि शब्द यावर भांडताय, पण गाणं तिसऱ्याच पायावर उभं आहे.

हळदबाजार

अकरा? मी इतकी वर्षं चारातच धरत होतो. थांबा, मोजतो.

विश्रामबाग_लोकल

ठेक्यावर हवा तर वेगळा धागा काढा. इथला मुद्दा अजून सुटलेला नाही.