टीडी आणि टीडॅप एक नव्हेत

ताई, ममता कार्डावर, म्हणजे गरोदरपणातल्या तपासण्या-लशींच्या सरकारी नोंदकार्डावर, टीडी लशीचे दोन डोस झाले, मग डॉक्टर डांग्या खोकल्याचं वेगळं इंजेक्शन का सांगतात, असं तुम्ही विचारलंय. टीडीत फक्त धनुर्वात आणि घटसर्प येतात. डांग्या खोकल्याचा, म्हणजे आपल्या वडोदऱ्यात ज्याला उटांटियुं म्हणतात त्याचा, घटक टीडॅप या लशीतच असतो. सरकारी केंद्रावर टीडी मिळते. टीडॅप खाजगीत विकत घ्यावी लागते.

बाळाला पेंटाव्हॅलंटचा, म्हणजे डांग्या खोकल्यासह पाच रोगांवरच्या एकत्र लशीचा, पहिला डोस ६ आठवड्यांनी मिळतो, तिसरा १४ आठवड्यांनी. तोवर त्याला आधार आईकडून नाळेतून आलेल्या प्रतिपिंडांचा, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या घटकांचा. प्रतिपिंडं तयार व्हायला साधारण २ आठवडे लागतात, म्हणून टीडॅप गरोदरपणाच्या २७ ते ३६ आठवड्यांत घ्यायची. माझ्या मते ३६ ची वाट पाहूच नये, बाळंतपण आधीही होतं. बाळंतपणानंतर घेतली तर नाळेची वाट बंद झालेली असते. प्रतिपिंडं वर्ष-दोन वर्षांत बरीच उतरतात, म्हणून दर गरोदरपणी पुन्हा.

मात्रा ०.५ मिली, दंडाच्या स्नायूत. एक-दोन दिवस दंड ठणकतो, क्वचित कणकण येते. तुमच्या दोन्ही टीडी झाल्या असल्या तरी चालते. दुसरी बाकी असती तर तिच्याच जागी टीडॅप देता आली असती. नावं सारखी असल्यानं गल्लत होते: टोचण्याआधी खोक्यावरचं नाव स्वतः वाचा.

आणि हो, डांग्या खोकल्यात उबळीनंतर श्वास घेताना येणारा 'हूप' आवाज तान्ह्या बाळाला येईलच असं नाही. खोकताना श्वास थांबला, ओठ निळे पडले की लगेच रुग्णालय गाठा.