टॉवरच्या कागदावर सही करण्याआधी

करवीरमधल्या उसाच्या रानात २२० केव्ही वीजवाहिनीचा टॉवर येतोय, सही केली की जमीन गेली का, असं एका शेतकऱ्यानं विचारलंय. जमीन जात नाही, सातबारा तुमच्याच नावे राहतो. पण तारांखालच्या ३५ मीटर पट्ट्यात घर बांधता येत नाही, उंच झाडं लावता येत नाहीत. लोक टॉवरचेच पैसे मागतात आणि पट्टा विसरतात. खरं नुकसान तिथंच आहे! पायाचं क्षेत्र चारही पायांबाहेर एकेक मीटर धरून मोजून घ्या. उभ्या उसाचा पंचनामा पाया खोदण्याआधी करा, तार ओढताना पुन्हा करा, कारण तेव्हा गाड्या दुसऱ्याच सरीतून जातात. ‘पूर्ण मोबदला मिळाला’ या ओळीवर पैसे खात्यात येईपर्यंत सही नको. कंपनीकडे वीज कायद्याच्या कलम १६४ चा आदेश (वीजवाहिनी उभारायचे खास अधिकार देणारा सरकारी आदेश) असेल, तर मोबदल्याचा वाद जिल्हा न्यायाधीशांपुढे नेता येतो.