पार्सलांचे मार्ग आखण्याची जबाबदारी नेमकी कोणाची?

मांडवीकाठ:
पणजीजवळच्या एका पार्सल-हबमध्ये गेले चार महिने मी सकाळच्या पाळीचा पर्यवेक्षक आहे. रोजचे मार्ग सॉफ्टवेअर आखते, त्या क्रमाने मी पार्सले लावून देतो आणि रायडर निघतात. गेल्या आठवड्यात जुने गोवेच्या दोन पत्त्यांच्या मध्येच दिवाडचा एक पत्ता आला. नकाशावर दिवाड हाकेच्या अंतरावर दिसते, पण मध्ये मांडवी आहे आणि तिथे जायला पूल नाही. रायडर फेरीबोटीने गेला, परतीच्या बोटीसाठी धक्क्यावर ताटकळला आणि त्या दिवशीची बारा पार्सले तशीच परत आली. वरिष्ठांनी मला जाब विचारला, मी रायडरला विचारला, तेव्हा त्याने निमूटपणे मोबाइल पुढे केला: सातवा पत्ता जुने गोवे, आठवा दिवाड, नववा पुन्हा जुने गोवे. अशा वेळी उत्तर कोणी द्यायचे?

आकडेमोड:
मी काही वर्षे नियोजन विभागात काम केले आहे. कोणता भाग कोणत्या रायडरकडे द्यायचा, पत्त्यांचा क्रम कसा लावायचा आणि वाटेत अडचण आली तर काय करायचे, या तीन वेगळ्या कामांना आपण सरसकट ‘आखणी’ म्हणतो. त्यांतले क्रम लावण्याचे काम यंत्राकडे जाणे स्वाभाविक आहे, कारण केवळ दहा पत्त्यांचेही ३६,२८,८०० क्रम होऊ शकतात. परंतु यंत्र आपण दिलेल्या नियमांनीच चालते. अमेरिकेत यूपीएस कंपनीच्या गाड्या शक्यतो डावे वळण टाळतात, कारण तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि डावीकडे वळताना समोरची रहदारी ओलांडावी लागते (आपल्याकडे हाच त्रास उजव्या वळणाला होतो). तो नियम माणसांनी ठरवला आणि मग यंत्राला शिकवला. तुमच्या यंत्राला फेरीबोट कोणी शिकवली नसेल, तर मूळ चूक नियोजन विभागाची आहे. तरीही गाडी सुटण्यापूर्वी यादी शेवटची पाहणारे तुम्हीच होता, हेही मान्य करावे लागेल.

निवृत्त पोस्टमन:
आमच्या वेळी बीट, म्हणजे प्रत्येक पोस्टमनने टपाल वाटायचा भाग, कार्यालय ठरवून देत असे आणि बीटमधला क्रम पोस्टमन स्वतः टेबलावर टपाल लावताना ठरवीत असे. १९७२ पासून आलेला सहा आकडी पिनकोड टपाल आमच्या कार्यालयापर्यंत आणून सोडी. पुढचे घर शोधणे आमचे काम होते. गोव्यातल्या कित्येक वाड्यांवर घरांचे क्रमांक रस्त्याच्या ओळीने येत नाहीत, त्यामुळे ‘खुरसाच्या (क्रुसाच्या) मागचे, विहीर असलेले घर’ हीच खरी खूण असते. म्हणून क्रम लावण्याचे काम सरसकट यंत्राचे, हे वरचे मत मला पटत नाही.

दोनचाकी:
मी रायडर आहे. दिवाड मध्येच घेऊ नये, हे मला यादी पाहताक्षणी कळते. पण मी क्रम बदलला की ॲपमध्ये ‘मार्ग सोडला’ अशी नोंद माझ्या नावावर पडते, आणि ती पुसण्यासाठी कोणाकडे अर्ज करायचा हे आजवर कोणी सांगितलेले नाही. यादीप्रमाणे गेलो तर उशीर माझा, न गेलो तरी नोंद माझीच. मग मी यादीप्रमाणे जातो.

मांडवीकाठ:
सर्वांचे आभार. ही नोंद मला माहीतच नव्हती. आज पर्यवेक्षकाच्या पडद्यावर शोधली तेव्हा सापडली, आणि ती मला मागे घेता येते असेही दिसले. सोमवारपासून दिवाडची पार्सले वेगळी काढून एकाच रायडरकडे देत आहे. दुपारी तो दिवाडचे सर्व पत्ते एका खेपेत उरकेल आणि पुढे नार्व्याच्या फेरीने डिचोलीच्या बाजूला उतरेल, म्हणजे त्याच धक्क्यावर परत येणे टळेल. बोटीची वाट पाहण्याचा वेळ मार्गात धरावा, असे नियोजन विभागाला लेखी कळवले आहे. उत्तर आले की इथे लिहीन.