मदत हवी आहे: चार-पाच दिवस सलग चालला की डेस्कटॉप गोठतो, नॉन-पेज्ड पूल फुगत जातो

नमस्कार मंडळी,

घरातल्या जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर उतरवून घेतोय. तीन तासांची कॅसेट उतरवायला तीन तासच लागतात, म्हणून मशीन दिवसचे दिवस चालू राहतं आणि चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास गोठतं. आतापर्यंत सहा वेळा झालंय. दोनदा अर्धी कॅसेट वाया गेली. फिती जुन्या आहेत, प्रत्येक वेळी चालवल्या की थोड्या झिजतात, त्यामुळे जीव टांगणीला लागतो.

मशीन: विंडोज १०, १६ जीबी रॅम, विंडोज एसएसडीवर. उतरवलेल्या फाइल रात्री लॅनवरून दुसऱ्या मशीनवर कॉपी करतो.

गोठतं म्हणजे काय होतं, ते सांगतो. आधी टास्कबार क्लिकला दाद देत नाही, माउसचा बाण मात्र हलतो. मग डिस्कचा दिवा सतत पेटलेला राहतो. पाच-दहा मिनिटांनी बाणही थांबतो. तोवर नमलॉक दाबलं की त्याचा दिवा चालू-बंद होतो. शेवटी पॉवरचं बटण दाबून धरण्यावाचून इलाज उरत नाही.

पहिला संशय उष्णतेवर होता, पण गोठण्याच्या वेळी प्रोसेसर ५५ अंशांच्या आसपासच होता. मेमटेस्ट८६ (रॅम तपासणारा प्रोग्राम) चे चारही पास स्वच्छ. एसएसडीच्या स्मार्ट अहवालात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) काही नाही. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजची घटनांची नोंदवही) कर्नल-पॉवर ४१ दिसतो, पण तो पुन्हा सुरू झाल्यावर नोंदला जातो आणि 'मशीन नीट बंद झालं नव्हतं' एवढंच सांगतो. त्याच्या आधीची नोंद कामाची निघाली: इव्हेंट क्रमांक २००४, व्हर्च्युअल मेमरी संपत आल्याची.

मग टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर नजर ठेवली. नॉन-पेज्ड पूल (विंडोज आणि ड्रायव्हर वापरतात ती, डिस्कवर न हलवता येणारी मेमरी) पहिल्या दिवशी सुमारे ४०० एमबी, चौथ्या दिवशी ५.८ जीबी! प्रोसेसच्या यादीत मात्र कोणीच एवढी मेमरी खात नाही. म्हणजे गळती एखाद्या ड्रायव्हरमध्ये आहे, हे जवळजवळ नक्की.

एका गोष्टीने मला आठवडाभर चकवलं. रोज रात्री शट डाऊन करून पाहिलं, तरी आकडा खाली येईना. टास्क मॅनेजरमधला अपटाइम बघितला तर ९ दिवस! फास्ट स्टार्टअप चालू असताना शट डाऊनमध्ये कर्नल (विंडोजचा गाभा) खरोखर बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर ठेवून सकाळी तीच परत उचलली जाते. रीस्टार्ट केल्यावरच सगळं नव्याने सुरू होतं. ज्यांना असाच त्रास आहे त्यांनी हे आधी तपासा, माझे बरेच दिवस वाचले असते.

त्यानंतर लॅनची केबल दोन दिवस काढून ठेवली. पूल जागचा हलला नाही. केबल लावून साधारण २०० जीबीच्या फाइल कॉपी केल्या आणि तो दीड जीबीने वाढला.

पूलमॉन (पूलमधली मेमरी कोणत्या टॅगखाली किती घेतली ते दाखवणारं मायक्रोसॉफ्टचं साधन) चालवून बाइट्सनुसार क्रम लावला, तर एकच टॅग (ड्रायव्हर मेमरी घेताना लावतो ती चार अक्षरांची खूण) सगळ्यात वर, आणि त्याचे 'फ्री' (मेमरी परत केल्याची संख्या) हे 'अलॉक'च्या (मेमरी घेतल्याची संख्या) कितीतरी मागे. तो टॅग ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये फाइंडस्ट्रने (फाइलमधला मजकूर शोधणारी विंडोजची आज्ञा) शोधला, तर दोन फाइल सापडल्या: एक लॅन कार्डाचा ड्रायव्हर, दुसरी मदरबोर्डसोबत आलेल्या, नेटवर्कचा वेग वाढवणाऱ्या सॉफ्टवेअरची. इथे अडलोय.

१) चार अक्षरं योगायोगानेही एखाद्या फाइलमध्ये सापडू शकतात ना? मग दोघांपैकी खरा गुन्हेगार पक्का कसा ठरवायचा?

२) वेग वाढवणारं सॉफ्टवेअर नुसतं अनइन्स्टॉल केलं, तर त्याचा फिल्टर ड्रायव्हर (नेटवर्कच्या वाहतुकीत मध्ये बसणारा) मागे राहतो का? लॅन कनेक्शनच्या प्रॉपर्टीजमध्ये त्याच्यापुढची खूण काढणं पुरेसं आहे का?

३) अशा गळतीवर 'एनडीयू' (नेटवर्कचा डेटा-वापर मोजणारी विंडोजची) सेवा रजिस्ट्रीतून बंद करा असा सल्ला सगळीकडे दिसतो. माझा टॅग तिच्या ड्रायव्हर फाइलमध्ये सापडला नाही, म्हणून त्याला हात लावलेला नाही. बरोबर केलं ना?

विंडोज नव्याने टाका, असं कृपया सुचवू नका. कॅसेट उतरवायच्या कार्डाचा ड्रायव्हर मोठ्या खटपटीने याच मशीनवर चालू झालाय आणि अजून ३१ कॅसेट बाकी आहेत. पूलमॉनचा पूर्ण आउटपुट हवा असेल तर टाकतो.